भरती-ओहोटीचं पुस्तक

कोडियाक बेटावरची शाळा, बॉयलरशेजारची खोली.
मंगळवारी तिसऱ्या तासाला खुर्च्या सहा.
त्यातली एक डुगडुगते. तिच्यावर मी बसते,
डुगडुगणं एकट्या मुलांच्याच वाट्याला यायला नको.

कागदोपत्री या गटाचं नाव लांबलचक आहे.
मुलं म्हणतात, नापासांची पंगत.
पहिल्यांदा मी हसले, मग गप्प झाले.
दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत
त्यांनी स्वतःच ठेवून घेतलं होतं ते नाव.

जोमारचे आईवडील कॅनरीत रात्रपाळीला.
तो दोन धाकट्यांना झोपवतो,
आणि मग बीजगणितावर गाल टेकून स्वतः झोपतो.
त्याच्या गालावर कधीकधी समीकरण उमटलेलं असतं, उलटं.
येसेनिया निबंधाची पहिली ओळ लिहिते, खोडते,
लिहिते, खोडते. तिच्या कागदाला खिडक्या पडल्यात.
इनोकेन्ती दाराला लागून बसतो, जॅकेट न काढता.
म्हणतो, बाहेर हॅलिबट आलाय
आणि मी इथे अपूर्णांकांना छेद देतोय.

सगळे त्यांना एकच सांगत आलेत : मन लाव.
मन म्हणजे जसं काही पोस्टाचं तिकीट,
थुंकी लावली की चिकटलं.

आम्ही मनाचा विषयच काढला नाही.
माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ आणलं,
कोंबडीच्या आकाराचं, अंडी उकडायचं.
मान पिरगाळली की दहा मिनिटं टिकटिकते.
दहा मिनिटं बसायचं. पुस्तक उघडं.
समजलं तर समजलं.
किती बसलो ते वहीत लिहायचं, खरं.

इनोकेन्ती चौथ्या मिनिटाला उठला.
पुढच्या मंगळवारी सहाव्या.
त्याच्या पुढच्या मंगळवारी वारा सुटला होता, तो आला नाही.
त्याच्या रकान्यात मी ‘वारा’ असं लिहिलं.

फेब्रुवारीत एकदा, काळोख अजून खिडकीला चिकटलेला असताना,
त्याने विचारलं :
तुमचं काय अर्धवट राहिलंय, मिस वेस्टरगार्ड?

अशा वेळी काय बोलायचं हे प्रशिक्षणात शिकवलेलं असतं.
ते मला आठवलं नाही.
म्हटलं, भावाला एक पत्र लिहायचंय.
अकरा वर्षं झाली.
त्याने कोंबडीची मान पिरगाळली आणि ती माझ्यासमोर ठेवली.

मी लिहिलं, प्रिय टॉर.
मग हवामान लिहिलं. मग हवामानच लिहीत राहिले.
चौघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.
इतकं सभ्य मला
शिक्षकांच्या खोलीत कुणी वागवलेलं नाही.

एप्रिलमध्ये इनोकेन्ती काकाच्या होडीवर गेला, हेरिंगला.
मुख्याध्यापक म्हणाले, नाव कमी करा.
मी हो म्हटलं, आणि विसरल्याचं नाटक केलं.
त्याची खुर्ची कुणी हलवली नाही.
येसेनियाने तिच्यावर दप्तर मात्र ठेवायला सुरुवात केली.

मे महिन्यात तो दारात उभा.
अंगाला डिझेलचा वास, बोटांना चिरा.
खिशातून काढलं भरती-ओहोटीचं पुस्तक,
हार्डवेअरच्या दुकानात फुकट मिळतं ते,
बेटावर प्रत्येकाच्या खिशात असतं ते.
प्रत्येक तारखेपुढे छापलेलं :
पाणी कधी चढेल, कधी उतरेल.
आणि समासात पेन्सिलने
१०
४, लाटा
०
०
१०
जाळं फाटलं
१०
१२

बारा? मी विचारलं.
तो चोरी पकडल्यासारखा खाली बघू लागला.
गणित सुटत नव्हतं, म्हणाला,
मग उठवेना.

मी पानं उलटत राहिले.
माशांच्या खवल्यांनी दोन तारखा चिकटल्या होत्या.
नखाने सोडवायला गेले,
त्याने पुस्तक हळूच काढून घेतलं. उद्याचं पाणी बघायचंय, म्हणाला.

परीक्षेत तो तीन गुणांनी राहिला.
जूनमध्ये पुन्हा आहे.
जोमार पास झाला, आणि निकालाच्या दिवशीही झोपला होता.
कोंबडी सध्या होडीवर आहे,
त्यामुळे माझी अंडी कधी कच्ची, कधी दगड.

पत्र अजून हवामानावरच अडलंय.
काल धुकं लिहिलं,
सात मिनिटं.